हार घातलेली खुर्ची

जव्हारच्या रुग्णालयासाठी आमच्या मंडळाने वर्गणी काढून चाकांची खुर्ची आणली होती. तिला झेंडूचा हार घातला होता आणि लोकार्पणाचे पाहुणे दोन तास ‘निघालेच’ होते.

तेवढ्यात जामसरची एक म्हातारी पाय मोडलेल्या नवऱ्याला पाठीवर घेऊन आली. घसरणारे त्याचे हात ती दर चार पावलांनी पुन्हा गळ्याशी ओढून घेई. एक्स-रेची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मी खुर्ची पुढे ओढली, तसे आमचे सेक्रेटरी ओरडले, “अहो, पाहुण्यांच्या आधी कसं?”

म्हातारी मला समजुतीने म्हणाली, “राहू दे, दादा. पाव्हणा पन पायानं अधू असंल.”

अर्ध्या तासाने पाहुणे आले. एकेक पायरी गाळून चढले.