वरून पेटवायची चूल

डबाकाकांच्या घरी गेलं की ते आधी आपल्याकडे स्कूटरची किल्ली मागायचे. "दे इकडे, हरवशील," असं म्हणत ती वेष्टीच्या, म्हणजे लुंगीवजा धोतराच्या, कमरेला खोचायचे आणि आपल्याला मागच्या परसात घेऊन जायचे. तिथं त्यांची चूल असे. ती पेटलेली नसे, पेटायची असे, आणि खरं संकट तेच होतं. कारण ती चूल एकदा पेटली की आतलं लाकूड संपेपर्यंत थांबत नसे, आणि चूल थांबेपर्यंत किल्ली परत मिळत नसे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं कधी ना कधी त्या परसात कैद झालेली आहेत. पोस्टमन झाला, केबलवाला झाला. पापनाशमहून मुलगी पाहायला आलेलं आणि चुकून काकांच्या दारात उतरलेलं एक अख्खं कुटुंब झालं. त्यांचा मुहूर्त टळला, पण करवंट्यांवर उकळलेली कॉफी पिऊन गेले बिचारे.

काका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, पण पत्रा कापायची खाज हातातून निवृत्त झाली नव्हती. तेलाचा डबा, त्याच्या पोटात दुधाच्या पावडरीचा डबा, तळाला भोकं, वरच्या काठाला भोकं आणि बुडाशी कुणाच्या तरी मेलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा. झाली चूल. आत सुरूच्या ढलप्या नाहीतर फोडलेल्या करवंट्या भरायच्या आणि कापराची वडी ठेवून वरून पेटवायचं. आग सावकाश खाली उतरते, खालच्या लाकडातून वायू निघतो, तो वर येऊन काठाच्या भोकांपाशी झेंडूसारखा गोल फुलून जळतो. धूर नावाला नाही.

"धूर म्हणजे काय डा? न जळालेलं लाकूड," ते सांगत. "लोक अर्धं लाकूड चुलीत घालतात नि अर्धं डोळ्यांत."

"काका, माझा कॉलेजात तास आहे."

"तास रोज असतो. वरून पेटीव आणि गप बैस."

हा त्यांचा मंत्रच होता. गप बसणं त्यात पेटवण्याइतकंच महत्त्वाचं. जळत्या डब्यात मध्येच लाकूड घातलं की वरची ज्योत गुदमरते, खालून वायू मात्र येतच राहतो, आणि मग तो नुसता धूर होऊन घरभर फिरतो. मला हे इतक्यांदा ऐकवलं गेलं आहे की वर्गात विसरून मी एकदा मुलांनाही सांगितलं होतं.

पण काका एवढा उद्योग पोस्टमनसाठी करत नव्हते. त्यांच्या घरात एक अक्का होत्या. काकांच्या थोरल्या बहीण, लहानपणी विधवा झालेल्या. काकांना वाढवलं त्यांनीच. रोजचा स्वयंपाक सिलिंडरवर चाले, त्याला अक्कांची ना नव्हती. वर्षातून एकदा वडिलांचं श्राद्ध असे, त्या दिवशी मात्र सगळं लाकडावर. सोवळ्यात, म्हणजे आमच्या भाषेत मडीत, ओल्या लुगड्यानं, आणि कुणाची शिवाशिव नको म्हणून दार लावून. एकदा आत गेलेली बाई पान वाढायलाच बाहेर येणार. आत जायच्या काकू, आणि काकूंना दमा. श्राद्धानंतर कितीतरी दिवस त्यांचा श्वास आमच्या घरापर्यंत ऐकू येई. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की हिला आता धूर सोसणार नाही. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, म्हणत, "गॅसवर करा की, माझी काही हरकत नाही." पण हरकत घ्यायचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. अक्कांना नाही म्हणणं काकांना या जन्मात जमणार नव्हतं, आणि काकूंना त्या खोलीत कोंडणं आता शक्य नव्हतं. या दोन भिंतींच्या मधे उभं राहून त्या माणसानं डबे कापले.

अक्कांनी चूल पाहिली, वास घेतला, लाकूड आहे याची खात्री केली. "सरी, चालेल. पण धूर नाही म्हणतोस, मग श्राद्धाला डोळ्यांत पाणी कुठनं आणायचं? तुझ्या वर्कशॉपातनं?"

श्राद्धाच्या दिवशी मी केळीची पानं घेऊन गेलो. माझी अंघोळ मडीच्या हिशेबात बसत नसल्यामुळे मला अंगणात उभं केलं होतं. काका कूडात, बाहेरच्या मोठ्या खोलीत, वाध्यारांसमोर बसलेले. बोटात दर्भाचं पवित्रक, जानवं उजव्या खांद्यावर. विधी सुरू झाल्यावर त्यांना उठायची सोय नाही. स्वयंपाकघर बंद, आत काकू आणि अक्का. बराच वेळ सगळं झकास चाललं. काका मंत्र म्हणता म्हणता माझ्याकडे बघून भुवई उडवत होते. आणि मग बंद दाराच्या फटीतून पांढरा, दाट धूर यायला लागला.

मला आणि काकांना एकाच क्षणी कळलं. अक्कांनी लाकूड सारलं होतं.

"अक्का, घालूं नका," काका बसल्या जागेवरून म्हणाले.

"आंच पडली रे," आतून अक्का. "थोडं घातलं. आता आणिक घालते, पेटेल."

"घालूं नका, अक्का."

त्यानंतर काकूंचा खोकला आला, आणि पाठोपाठ तो बारीक शिट्टीसारखा श्वास. मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मी शिवलो असतो तर सगळा स्वयंपाक वाया, श्राद्ध वाया. काका आसनावर, काकू आत, मी उंबऱ्याशी. आमच्या पूर्वजांनी रचलेल्या त्या बंदोबस्तात आम्ही तिघंही चांगलेच अडकलो होतो.

काकांनी बोटातलं पवित्रक काढलं, वाध्यारांसमोर ठेवलं आणि उठले. बापाच्या श्राद्धातून मधेच उठलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आत शिरले, ओलं फडकं गुंडाळून डबा उचलून परसात टाकला आणि काकूंना दंडाला धरून विहिरीवर आणून बसवलं. मी दम्याचा पंप आणून दिला. अक्का दारात उभ्या, हातात सुरूची ढलपी तशीच.

काकूंचा श्वास खाली बसल्यावर काका अक्कांकडे वळले. मला वाटलं, आता होणार. ते म्हणाले, "चूक माझी हो, अक्का. मी तुमच्या कानाला सांगितलं. हाताला सांगायचं राहिलं. हात जन्मभर लाकूड सारत आला, तो कसा गप बसेल?"

वाध्यारांनी पुन्हा अंघोळ सांगितली, भात पुन्हा टाकायला लावला आणि ब्राह्मण संध्याकाळपर्यंत उपाशी बसवले. काकांनी पुढच्या श्राद्धाला डब्यांची जोडी केली. एक विझत आला की शेजारचा भरलेला पेटवायचा. आणि काडेपेटी अक्कांच्या हातात दिली, म्हणजे हाताला काम राहील.

ते जोडीचे डबे मग बरीच वर्षं चालले. काका गेल्या वर्षी गेले, दुपारी, कॉफी मागून, ती यायच्या आत.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध होतं. मुलगा चेन्नईहून आलेला, काकांच्याच आसनावर बसलेला. मी पानं घेऊन अंगणात. स्वयंपाकघराचं दार या वेळी सताड उघडं होतं. अक्का आत पाटावर, मुठीत काडेपेटी, आणि चुलीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला दटावत होत्या, "हात लावूं नका कुणी." पहिला डबा गोल फुलून जळून आता विझत आला होता. काकू उंबऱ्याशी आल्या. डोळे लालभडक, पदर ओला.

"धूर झाला काय गं?" अक्कांनी विचारलं.

"नाही हो, अक्का."

अक्कांनी काडी ओढली आणि दुसरा डबा पेटवला, वरून. मला तिथं उभं राहवेना. म्हटलं, "येतों मी, कॉलेजात तास आहे."

"तास रोज असतो," अक्का चुलीवरची नजर न काढता म्हणाल्या. "किल्ली तिथं खाली ठेव. मी मडीत आहे."

मी किल्ली जमिनीवर ठेवली आणि गप बसलो.