मण्णिगे

“मण्णिगे होंटेनि,” मातीला निघालो, असं म्हणून सर पिशवी आणि खुरपं घेऊन निघायचे. धारवाडात मातीला जाणं म्हणजे कुणाच्या तरी दफनाला जाणं. कोपऱ्यावरची फुलवाली अक्का हातातली माळ थांबवून विचारायची, “यार होदर्री?” कोण गेलं?

“यारू इल्ल, अक्का. बरे मण्णु.” कुणी नाही, नुसती माती.

कन्नड त्यांना उत्तम येई. ही चूक ते मुद्दाम जपत, असा माझा संशय आहे.

शेतकी कॉलेजात ते मातीतले जीवाणू शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत होतो. जीवाणूंना ते ‘आमची मंडळी’ म्हणत. नवख्याला वाटे, बायकोबद्दल बोलताहेत. तळ्याच्या तळाचा काळा गाळ ते पोरांच्या नाकाशी धरत आणि पोरं तोंड फिरवत. “अहो, तिथं हवा नाही. मंडळी गंधकावर दिवस काढतात, म्हणून हा वास. तुम्हाला जमलं असतं का?” शेतात धसकटं जाळणाऱ्यांवर मात्र ते चिडत. “नत्र धुरात घालवलंत, अण्णा. आता मंडळींनी खायचं काय, आणि पिकानं?”

त्यांना उशिरा मुलगी झाली. वर्षाच्या आत तापानं गेली. दात न आलेलं मूल आपल्यात पुरतात. सर तिला छातीशी धरून निघाले, मी मागे होतो. अक्काला दुपट्यात काय आहे ते कळलं नाही. सवयीनं हसून ती म्हणाली, “सर, मण्णिगे?”

“हूं, अक्का. मण्णिगे.”

ते वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. गाळ हुंगत, शिकवत. पण स्मशानाकडची माती मला आणायला लावत. एकदा आपणहून म्हणाले, “मंडळी तिथंही आहेत. त्यांचा राग नाही. तिचं काही वाया घालवणार नाहीत. मला मात्र जाळू देऊ नका. तिच्याजवळ ठेवा.” आपल्या पत्नीला, आमच्या बाईंनाही, त्यांनी हेच सांगून ठेवलं होतं.

काही वर्षांनी सर गेले. बाईंनी दिरांना दोनदा सांगितलं. दीर वाईट नव्हते, तेही रडत होते. “वहिनी, आपल्यात मोठ्या माणसाला पुरत नाहीत. लोक काय म्हणतील?” मीही बोललो, पण बाहेरच्याचं कोण ऐकतं. त्या दिरांचा मला अजून राग येतो.

स्मशानातून परतताना अक्का कोपऱ्यावर उभी होती. तिनं विचारलं, “सर... मण्णिगे?”

“इल्ल, अक्का,” मी म्हणालो. मागे धूर अजून शेतांवरून जात होता.