धुण्याच्या दगडामागे

आमच्या घरात दोन टेरियर होते. थोरला फॉक्स टेरियर, उंच पायांचा, पांढरा, पाठीवर एक काळा डाग. धाकटी जॅक रसेल, अंगाने त्याच्या निम्मी आणि आवाजाने दुप्पट. नावं दोघांनाही होती, पण आम्ही हाक मारायचो ती थोरल्या, धाकटे अशीच. रागवायचं मराठीत आणि लाड करायचे तमिळमध्ये, हा तंजावुरात आमच्या गल्लीचा रिवाज कुत्र्यांनाही लागू होता. माणसं दोनच, हे आणि मी. हे सरकारी नोकरीतून निवृत्त, मी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त. त्या हिंदीपायी घरात देवनागरी वाचता येणारी मी एकटी. ह्यांचं मराठी बोलण्यापुरतं, लिहिणं-वाचणं सगळं तमिळ.

धाकटी आली तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता. ज्यांनी तिला दिलं ते म्हणाले, ही जात वेगळी आहे, हिच्यावर लक्ष ठेवा. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. टेरियर म्हणजे टेरियर, एक वाढवला तशी दुसरी वाढवीन, असं मी त्यांना ऐकवलं. आणि तसंच केलं. तोच दहीभात, त्याच वेळा, तेच नियम. ती माझ्या मोगऱ्याची मुळं उकरायची आणि मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन मागे धावायची. थोरल्याने असं कधी केलं नाही, हे वाक्य मी तिला रोज ऐकवायची, धाकट्या सुनेला ऐकवतात तसं. हे मात्र तिच्यापुढे विरघळायचे. दुपारी ती ह्यांच्या पायांवर झोपायची आणि पायाला मुंग्या आल्या तरी हे हलायचे नाहीत.

उंदीर थोरल्याने मारायचे. मानेला एक हिसका, की संपलं. मग तो उंदीर मागच्या पायरीवर आणून ठेवायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. खायची तर गोष्टच नको. धाकटी काय करते ते मी कधी पाहिलंच नाही. थोरला खात नाही ना, मग तीही खात नसणार.

मामंजींच्या श्राद्धाआधी आठ दिवस आमच्याकडे माजघराच्या आत कुत्र्यांना बंदी असते. तांदूळ, उडीद सगळं सोवळ्यातलं, तिथे कुत्रं फिरकता कामा नये. दोघं मागच्या परसात, विहिरीपाशी. उंदरांना हे लगेच कळलं. दुसऱ्याच दिवशी तांदळाचं पोतं कुरतडलेलं. मी म्हटलं, औषध ठेवते. हे हसले. ‘दोन टेरियर घरात असताना औषध आणलंस तर त्यांनी तोंड कुठे लपवायचं?’ मी ह्यांना न सांगता बाजारातून औषधाच्या वड्या आणून परणावर ठेवल्या. परण म्हणजे छताखालचा माळा, तिथे कुत्रं चढत नाही. एवढी काळजी घेतली म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी धाकटी उठेना. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, नाकातून रक्ताचा थेंब. आम्ही तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, घरात उंदरांचं औषध ठेवलंय का? हे शेजारी उभे होते. मी म्हटलं, ‘औषध कशाला? दोन टेरियर आहेत. आणि आमची कुत्री उंदीर खात नाहीत.’ मग त्यांनी गोचिडीचा ताप धरला, त्याचं इंजेक्शन दिलं आणि उद्या पुन्हा आणा म्हणाल्या. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंच नाही. परणाचा आणि तिच्या नाकातल्या रक्ताचा काय संबंध, असं वाटलं.

श्राद्धाच्या दिवशी पहाटे विहिरीवर अंघोळ केली. लुगडं पिळताना तांब्याला धक्का लागला आणि तो धुण्याच्या दगडामागे गेला. उचलायला वाकले तर तिथे तीन शेपट्या पडलेल्या. नुसत्या शेपट्या. औषध खाल्लेले उंदीर पाण्यासाठी विहिरीकडे उतरत होते, थोरला त्यांना मारून पायरीवर ठेवत होता आणि धाकटी ते उचलून दगडामागे नेऊन खात होती. शेपट्या तिला आवडत नसाव्यात.

दवाखाना नऊला उघडतो. ब्राह्मण साडेदहाला येणार होते. एक फोन करायचा होता, बस. विष कुठलं ते कळलं की त्यावर इंजेक्शन असतं, हे मला नंतर समजलं, पण काहीतरी असेल एवढं तेव्हाही समजत होतं. सोवळ्यात फोनला कसा हात लावू, असं मी मनाला सांगितलं. आड सोवळं नव्हतंच. आड हे होते. पाटावर बसलेल्या ह्यांच्यासमोर मला बोलावं लागलं असतं की काल मी खोटं बोलले. मी वडे तळत राहिले. ब्राह्मण जेवून उठले की करीन, असं ठरवलं.

ब्राह्मण जेवून उठले तेव्हा दोन वाजले होते. बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, धाकटी ह्यांच्या जुन्या वेष्टीत, धोतरात, गुंडाळलेली होती. हे तिला बघायला गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी दारात गेले. सोवळ्यातच त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं होतं. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी, जेवणाआधी. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘गेली.’ मग तिला नारळाखाली पुरलं, पुन्हा विहिरीवर अंघोळ केली आणि पानावर बसले. मी वाढलं. त्या दिवसाची माझी मलाच इतकी किळस येते की आजही वडे तळताना हात थांबतो.

थोरला त्यानंतरही उंदीर मारत राहिला. पायरीवर ठेवून बाजूला बसायचा आणि दगडाकडे बघायचा. पूर्वी तो असा बसत होता का, मला आठवत नाही. मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

यंदा पुन्हा श्राद्ध आलं, पुन्हा कुत्र्याला परसात ठेवलं आणि पुन्हा पोतं कुरतडलं गेलं. मी पोतं शिवत होते. हे दारातून म्हणाले, ‘या वेळी परणावर औषध ठेवायचं तर ठेव. थोरला खात नाही.’

सुई हातातच राहिली. दिवाळीला परण झाडायला हेच चढले होते. वड्यांचं वेष्टण तेव्हाच सापडलं असणार. इतके महिने एका शब्दाने बोलले नाहीत. मी रडले तेव्हा जवळ बसले आणि म्हणाले, ‘तुला कुठे माहीत होतं ती खाते म्हणून. माहीत असतं तर तू सांगितलं असतंस.’

मी मान डोलावली. शेपट्या मी त्याच पहाटे राखेत पुरल्या होत्या. ते ह्यांना माहीत नाही. म्हणून हे सगळं देवनागरीत लिहिते आहे.