तळ्यावरची ताडपत्री

हे बोटीवरून कायमचे घरी आले तेव्हा वाडीतल्या बायका मला म्हणाल्या, "बाई, आता तुमचं सुख सुरू झालं." वाडीला काय जातंय म्हणायला! वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर असणारा नवरा वेगळा आणि सकाळी चहाला, दुपारी जेवायला, संध्याकाळी पुन्हा चहाला समोर येऊन बसणारा नवरा वेगळा. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यायचं, तर घरी माझ्यावर ओरडायला माणूस तयार. नोकरी सुटली असं हे सगळ्यांना सांगत. बोटीवर कोणाला तरी बेदम मारलं म्हणून यांना उतरवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पहिल्यांदा ताट भिंतीवर गेलं. मग पाण्याची कळशी अंगणात गेली. मग माझी पाळी आली. एकदा गालावर बसली, ती मी गिळली. पुढच्या वेळी दाराच्या चौकटीवर आपटले आणि भुवईला टाके पडले. शाळेत सांगितलं, न्हाणीत घसरले. सगळ्यांनी माना हलवल्या. न्हाणीत घसरणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे कोणी जास्त विचारत नाही. मुलगी मुंबईहून फोनवर म्हणायची, "आई, तू इकडे निघून ये." मी कशाला जाऊ? घर माझंही होतं. चुलीपासून शौचालयापर्यंत सगळं मी उभं राहून बांधून घेतलेलं, हे तेव्हा कुठल्याशा समुद्रात होते.

त्या घराचे चिरे आम्ही स्वतःच्याच जागेतून काढले होते. जांभा दगड कापला की मागे सरळ कडांचा चौकोनी खड्डा राहतो. पावसात भरतो, उन्हाळ्यात त्यात पालापाचोळा साठतो, एवढाच त्याचा उपयोग. आमचा खड्डा परसात, हापूसच्या कलमांच्या कडेला होता. एक दिवस भांडण ऐन रंगात आलेलं असताना हे पहार घेऊन त्या खड्ड्यात उतरले आणि तळ फोडायला लागले. ऊन डोक्यावर. अंगाला लाल माती, हाताची साल गेलेली, तरी थांबेनात. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वरून विचारलं, "अहो, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "तळं करतोय. गप बस." कुठल्याशा जपानी बंदराजवळ यांनी बागेतलं तळं आणि त्यातले लाल-पांढरे कोई मासे बघितले होते. तसे मासे यांना आपल्या दारात हवे होते.

जांभ्यातून पाणी झिरपतं, म्हणून आतून सिमेंट केलं. कोऱ्या सिमेंटच्या पाण्यात मासा जगत नाही. त्यासाठी केळीचे खांब चिरून पाण्यात टाकले, ते कुजल्यावर सगळं उपसलं, शेण कालवून पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. घरभर घाण वास. मग कोल्हापूरहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे आले, बोटाएवढे. हे काठावर उकिडवे बसून बघत राहिले, जेवायचंही विसरले.

आणि माझ्यावरचा हात थांबला. कारण आता यांना रोज कोणी ना कोणी वैरी मिळत होता. मासे जगले, तर घरात शांतता. मासे मेले, तर माझं काही खरं नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या माशांच्या जिवावर मी जगत होते.

वैऱ्यांना तोटा नव्हता. आषाढात तळं काठोकाठ भरतं. सांडव्याला जाळी लावली नाही तर मासे वाहून खालच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात, जातात. ती जाळी कुर्ल्या नांग्यांनी कापतात. (जाळी बदलायचं काम आता माझ्याकडे आहे. नायलॉनची लावू नये, तारेची लावावी.) हे भर पावसात डोक्यावर घोंगतं घेऊन कुर्ल्या हुडकायचे आणि हातातल्या चिऱ्याच्या तुकड्याने जागच्या जागी ठेचायचे. मीही काही गरीब गाय नाही. धडधाकट उरलेल्या कुर्ल्या मी टोपलीत घालून आणायचे, जिवंतपणीच त्यांच्या नांग्या मोडायचे आणि कालवण करायचे.

श्रावणात दिवड यायचं. दिवड म्हणजे पाण्यातला साप, विषारी नाही, पण चावरा. यांनी एकदा एक दिवड शेपटीला धरून बाहेर ओढलं आणि धुणं आपटावं तसं काठावरच्या दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. त्याच्या तोंडातून अर्धवट गिळलेला मासा बाहेर पडला, अजून हलत होता. यांच्या एका हातात सापाचा लगदा, आणि दुसऱ्या हाताने यांनी तो मासा असा अलगद पाण्यात सोडला की मी बघतच राहिले. कुशीला जखम होती, पण मासा वाचला. त्या दिवशी आमटी अळणी झाली होती, तरी हे पोटभर जेवले.

तेव्हापासून दिवड दिसलं की मला बरं वाटायचं. खरंच सांगते. काही दिवशी यांची चाल बघूनच मला कळायचं, आज काहीतरी होणार. मग मीच परसात जाऊन काठाच्या भेगांतून साप आहे का बघायचे.

पाऊस गेला की आश्विनातलं ऊन तापतं, पाणी हिरवं होतं, आणि सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागतात. पाण्यात हवा कमी पडते. तेव्हा हे बादलीने पाणी उंचावरून ओतत बसायचे आणि माशांशी बोलायचे. "घाबरू नको रे. हां, ये, ये वर." असा आवाज यांच्या गळ्यात आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. मला त्या माशांचा हेवा वाटला. तोंड उघडून पाण्यावर तरंगावं असं वाटलं.

मग ढोकरीचे दिवस. ढोकरी हा बगळ्याचा मातकट भाऊ. काठावर दगडासारखा बसतो आणि उडतो तेव्हा चोचीत मासा असतो. यांनी बेचकीने एकीचा पंख मोडला. ती लंगडत, फरफटत कलमांखालून पळत होती, हे मागे. शेवटी मानेवर पाय दिला. तेवढ्यावर भागलं नाही. तिला पायाला दोरी बांधून तळ्यावरच्या बांबूला उलटी टांगली.

मी म्हटलं, "अहो, दारात मढं काय टांगलंत? वास सुटेल."

"सुटू दे. बघू देत बाकीच्यांना."

बाकीच्यांना म्हणजे बगळ्यांना की मला, ते मी विचारलं नाही.

थंडी पडली की कलमांना मोहोर येतो आणि फवारण्या सुरू होतात. आमची कलमं पालीच्या एका व्यापाऱ्याला कराराने दिलेली आहेत. त्याचा नेपाळी गडी आणि गड्याची बायको बागेतल्या खोपीत राहायची. दोघं लहानखुरी, हसरी, मराठी तोडकीमोडकी. फवारणीच्या दिवशी तो आधी सगळ्या घरांना हाक मारत फिरायचा, "विहीर झाका! विहीर झाका!" मग आम्ही विहिरींवर ताडपत्र्या घालतो, दोरीवरचे कपडे आत घेतो, कोंबड्या खुराड्यात कोंडतो. मोहोरावरच्या तुडतुड्यांना मारणारं ते औषध. माशांना त्याचा थेंबही चालत नाही. म्हणून तळं झाकायला हे दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

त्या वर्षी एकदा पंप ठरल्यापेक्षा लवकर सुरू झाला. हे दाढी करत होते. साबण तोंडाला तसाच, धावत गेले, ताडपत्री ओढून तळ्यावर घातली आणि कडेला चिरे ठेवले. वारा सुटला होता, औषधाचा वास संध्याकाळपर्यंत जाईना, म्हणून झाकण रात्रभर तसंच राहू दिलं.

सकाळी मी दूध तापवत होते, तेव्हा परसातून यांचा आवाज आला. मी दूध तसंच टाकून धावले. ताडपत्री बाजूला ओढलेली आणि पाण्यावर सगळे मासे आडवे. बोटाएवढे आलेले मासे आता कोपरापासून मनगटाएवढे झाले होते. एक-दोन अजून एका कुशीवर गोल गोल फिरत होते, बाकीचे पांढरी पोटं वर करून पडलेले. मला माशांचं वाईट वाटायला वेळच झाला नाही. मी मागे सरकले ती स्वतःसाठी.

पण यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "पंप तळ्यात धुतलान त्याने," म्हणाले. "त्या नेपाळ्याने. दुसरा कोण?" आणि खोपीकडे गेले.

गडी भात शिजवत होता. यांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढला. त्याला कळेना काय झालं. "साहेब, मी नाही. पंप तिकडे धुतला, बागेत," एवढंच तो म्हणत होता आणि दर शब्दाला यांची एक थप्पड. मग गुडघा. नाकातून रक्त आलं. कातळावरून त्याला फरफटत तळ्यापाशी आणला आणि मानेला धरून त्याचं डोकं त्या पाण्यात घातलं, मेलेल्या माशांच्या मध्ये. वर काढलं. "धुतलास की नाय?" पुन्हा आत घातलं.

मी सुटले म्हणून मला हायसं वाटलं होतं. क्षणभर का होईना, वाटलं होतं. मग माझ्या पायाला ताडपत्री लागली आणि नाकात भपकन औषधाचा वास गेला. जी बाजू पाण्याकडे होती, तिच्यावर पांढरट थर होता आणि रात्रीच्या दंवाने त्याचे ओघळ झाले होते. ही आमची ताडपत्री नव्हतीच. आमची लाकडांच्या ढिगावर तशीच पडली होती, मला तिथून दिसत होती. ही गड्याची, औषधाच्या पिंपाखाली अंथरायची, जिच्यावर औषध कालवतात ती. घाईत यांनी हाताला लागली ती उचलली होती आणि रात्रभर ती तळ्यात ठिबकत राहिली होती.

हे सांगितलं तर तो हात कुठे वळणार, मला पक्कं ठाऊक होतं. गड्याचे पाय कातळावर खरडत होते. ते खरडणं मंदावलं.

"सोडा त्याला!" मी ओरडले. "ताडपत्री तुम्ही घातलीत! औषधाची! लाकडांवर बघा, आपली तिकडे आहे! तुमच्याच हाताने मेले मासे!"

यांनी लाकडांच्या ढिगाकडे बघितलं. मग पायाशी पडलेल्या ताडपत्रीकडे. हाताची पकड सुटली. गडी काठावर कोसळून ओकायला लागला. आणि हे माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता रडतील. पण यांनी हात उचलला. मी डोळे मिटले. जुनी सवय.

थाड् आवाज झाला आणि मला काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर यांच्या मागे गड्याची बायको उभी होती. खांद्याएवढीही नाही यांच्या. हातात चुलीतलं जळकं लाकूड, टोकाला अजून धूर. तिने ते दोन्ही हातांनी वर नेलं आणि यांच्या पाठीत दुसरा रट्टा घातला. हे पुढे झोकांडले आणि तळ्यात पडले, कमरेएवढ्या पाण्यात, माशांच्या अंगावर. ती काठावर उभी राहून तिच्या भाषेत काहीतरी ओरडत होती. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. हे काठाला धरून वर यायला लागले, तर तिने तिसरा घातला.

मी मध्ये पडले नाही. पडावंसं वाटलंही नाही. उलट असं वाटलं की हे लाकूड माझ्या चुलीतही रोज होतं.

मग मी गड्याचं तोंड, डोळे विहिरीच्या पाण्याने धुतले आणि रिक्षा बोलावून दोघांना डॉक्टरकडे घेऊन गेले. तिने लाकूड रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. दुपारी परत आले तर तळं उपसलेलं होतं. यांनी मासे कलमांखाली पुरले होते, उरलेलं पाणी खड्डा काढून त्यात जिरवलं होतं आणि तळाला चुना फासला होता. वाकताना कण्हत होते.

"पोलिसात देतो तिला," मला बघून म्हणाले.

"चला," मी म्हटलं. "मीही येते. सुरुवात माझ्या भुवईपासून करू."

हे गेले नाहीत.

संध्याकाळी शर्ट काढून ओटीवर बसले. पाठीवर मध्यावर काळेनिळे वळ उठले होते, कातडी फुटली होती. खाली बघत म्हणाले, "हळद लावून दे गो जरा."

मी तेल गरम केलं, त्यात हळद कालवली आणि वाटी यांच्या बाजूला ठेवली. "घ्या. लावा."

यांनी खांद्यावरून हात मागे टाकून बघितला. मग बगलेखालून बघितला. वळापर्यंत हात पुरेना. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा हात मागे नेला. वाटीतलं तेल थंड होऊन गेलं तरी मी समोर बसून शाळेच्या वह्या तपासत होते.