कडू करांद्याचा पहिला काप

मंडळी, आज दुपारपासून मी अम्मीच्या चेहऱ्याकडेच बघतेय.

तिने रत्नागिरीहून येताना रानातले कडू करांदे आणले. हे कंद तसेच खाल्ले तर विषारी. काप राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे असतात. इथे दुबईजवळच्या रास अल खैमातल्या फ्लॅटमध्ये ओढा कुठला? बादलीतलं पाणी आम्ही पुन्हा पुन्हा बदललं.

आमच्याकडे पहिला काप घरातलं सगळ्यात वडील माणूस खातं. त्याला काही झालं नाही, तरच बाकीचे पोरांना मिळतात. अम्मीने तो खाल्ला. "बघ बाय, कडूपणा खलास!"

मग मी सहज विचारलं, "राख कुठली घेतलीस?"

"बाल्कनीतल्या शेगडीतली."

त्या शेगडीत माझा नवरा हुक्क्याचे झटपट पेटणारे कोळसे जाळतो. त्यांना रसायन लावलेलं असतं.

"नानी, कॅन आय हॅव वन?" लेकीने हात पुढे केला होता. मी ताट उचलून सगळं फेकून दिलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, लक्ष ठेवा, उलटी झाली तर लगेच घेऊन या. अम्मी हसते, "मी काय मरत नाय गो." पण मघापासून ती सारखं पाणी मागतेय.

तुमच्या घरी पहिला घास कोण खातं? आणि त्या माणसाला आपण कधी विचारलंय का, तुला खायचाय का म्हणून?