सकाळ कळणारा डोळा

माझी माय किनवटच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. मी चौथीत असताना वडील गेले. तेव्हापासून आम्ही दोघी शाळेच्या आवारातल्या एका खोलीत राहायचो. तिचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. लोह्याकडे गावी शेतात ज्वारीचं धसकट लागलं आणि डोळा सुकून खोल गेला. सगळं चालायचं ते उजव्यावर. चाळिशीच्या आत तोही जाऊ लागला.

आधी संध्याकाळ गेली. दिवेलागणीला ती स्वयंपाकघरातून पाण्याच्या टाकीकडे भिंतीला हात लावत जायची. नोकरी जाईल म्हणून कुणाजवळ बोलली नाही. मी तिच्या पुढे चालायचे आणि पायरी आली की खोकायचे. मग नजर दोन्ही बाजूंनी आवळत गेली. पाइपातून बघितल्यासारखं दिसतंय, म्हणायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मरतायत, हे रक्तातून येतं, यावर औषध नाही.

बारावीला तो धडा आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. अंधुक उजेडात पाहायला दंडाकार पेशी, रंग आणि बारकावे पाहायला शंक्वाकार. त्यांच्यात एक प्रथिन असतं, उजेड पडला की त्याचा आकार बदलतो आणि तिथून पाहणं सुरू होतं. मायच्या आजारात दंडाकार पेशी आधी जातात, शंक्वाकार मागून. तिच्या डोळ्याने पुस्तकाचा क्रम तंतोतंत पाळला होता.

मी बायोलॉजीच घेतली. शिकले, लातूरला ज्युनियर कॉलेजात लागले, सकाळ-संध्याकाळ क्लासही घेऊ लागले आणि मायला घेऊन आले. तोवर तिला काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर डोळ्यासमोर टॉर्च धरायचे आणि विचारायचे, उजेड वाटतो का. ती नाही म्हणायची.

पण तिला सकाळ कळायची. तिसऱ्या मजल्यावर आमची पूर्वेकडे उघडणारी गॅलरी होती. ती रोज सहाच्या आसपास आपोआप उठायची, तोंड धुऊन गॅलरीत बसायची आणि बुद्धवंदना म्हणायची. दुपारी मी घरी आले की न विचारता सांगायची, दोन वाजत आले असतील. फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडायचा. एकदा मी विचारलं, तुला कसं कळतं. ती म्हणाली, "उजेड दिसत न्हाई बाई, पण दिवस उगवलेला कळतो. डोळ्यात काहीतरी भरून येतंय."

मी तिला समजावून सांगितलं. दूधवाला येतो, पाखरं ओरडतात, ऊन अंगावर पडतं, त्यावरून तुझं मन अंदाज बांधतं. डोळ्याचा त्यात काही संबंध नाही, तिथल्या उजेड ओळखणाऱ्या पेशी कधीच मेल्या. वर्गात सांगावं तसं सांगितलं. ती म्हणाली, असंल. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

चार वर्षांपूर्वी त्या उजव्या डोळ्यात दाब वाढला. डोकं फुटायची वेळ यायची. ती कपाळ भिंतीला टेकवून बसायची आणि मला आवाज जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरायची. थेंब टाकले, गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. डॉक्टर भले होते. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे लेझर करून दाब उतरवायचा. एकदा पुरत नाही, चार-पाच खेपा होतील, तरी खात्री नाही. दुसरा म्हणजे डोळाच काढायचा. एका दिवसात दुखणं संपेल. नजर नाहीच, तेव्हा गमवायचं असं काही नाही, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

जानेवारी चालू होता. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, मुलांचा अर्धा अभ्यासक्रम राहिला होता. चार-पाच खेपांना सुट्टी कुठून काढू, हा विचार माझ्या मनात आला. तो आला नव्हता असं मी कुणाला सांगू शकत नाही. मी मायला म्हणाले, काढून टाकू. तिने विचारलं, "त्याचा काहीच उपयोग न्हाई का आता?"

मी म्हणाले, "काहीच नाही, माय."

सही मी केली.

दुखणं खरंच थांबलं. पहिले आठ दिवस ती पोटभर जेवली, गाढ झोपली. शेजारच्या बाईंना तिने सांगितलं, लेकीनं सोडवलं मला. पुढे एके दिवशी ती साडेसातला उठली. काही दिवसांनी नऊला. मग अकराला. मला वाटलं, इतक्या महिन्यांची झोप भरून निघतेय. महिन्याभरात तिचा दिवस पुरता उलटा झाला. मी कॉलेजातून यायचे तेव्हा ती गाढ झोपलेली असायची, आणि मी झोपले की ती स्वयंपाकघरात चाचपडत चहाचं भांडं शोधायची. आणखी काही दिवसांनी सगळं आपोआप जागेवर यायचं, दोन-चार दिवस बरं जायचं आणि परत घसरायला लागायचं.

मी तिला वेळ बोलून सांगणारं घड्याळ आणून दिलं. ती बटण दाबून ऐकायची आणि बराच वेळ तशीच बसून राहायची. म्हणाली, "घड्याळ सांगतंय, पण अंगाला पटत न्हाई." वंदना तिने सोडली. वेळ चुकली की म्हणावंसं वाटत नाही, म्हणाली. गॅलरीत खुर्ची मांडून दिली तरी उठून आत यायची. मी ते म्हातारपणावर ढकललं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी क्लाससाठी डोळ्याच्या धड्यावर प्रश्नपत्रिका काढत होते. एका नव्या संदर्भपुस्तकात वाचलं की पडद्यात उजेड ओळखणाऱ्या पेशींचा तिसरा एक प्रकार असतो. संख्येने फार थोड्या. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं वेगळं प्रथिन असतं. त्यांनी चित्र दिसत नाही. त्या फक्त दिवस आहे की रात्र, एवढं मेंदूला कळवतात, आणि त्यावर शरीराचं घड्याळ लागतं. दंडाकार आणि शंक्वाकार पेशी मेल्या तरी त्या जगू शकतात. काही आंधळ्या माणसांना त्यामुळेच वेळेवर झोप येते, वेळेवर जाग येते. उंदरांवर प्रयोग झाले होते. आंधळे उंदीर दिवस-रात्र पाळत होते. डोळे काढल्यावर ते पाळेनासे झाले.

स्टाफरूममध्ये दोघं-तिघं बसले होते. कुणीतरी मला चहा घेणार का विचारलं. मी हो म्हटलं आणि तो तसाच गार झाला. ही माहिती काही त्या वर्षीची नव्हती. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही ती कुठेतरी छापलेली होती. मी माझा जुना धडा दरवर्षी शिकवत राहिले होते.

मी डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरं असू शकतं. पण इतक्या दाबाखाली त्या पेशीही पुढे टिकल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. शरीराचं घड्याळ जागेवर राहावं म्हणून त्यांनी रोज ठरल्या वेळी घ्यायची एक गोळी लिहून दिली. मला धीर द्यायलाच ते बोलले असावेत. पण टिकल्या असत्या की नाही हे बघायची संधी मी ठेवली नव्हती.

मायला सांगायला मला पाच आठवडे लागले. रविवार होता, दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती त्या दिवसांत सरळ वेळेवर होती, जागी होती. मी मागे बसले होते म्हणून बोलू शकले. सगळं सांगितलं. त्या डोळ्याला दिवस खरंच कळत होता, तुझं बरोबर होतं, मी चुकीचं सांगितलं, असं म्हणाले.

ती म्हणाली, "मला कळून राहिलं होतं ते. पण तू शिकलेली. मला वाटलं माझंच चुकून राहिलं असंल."

माझे हात थांबले. ती म्हणाली, "लाव की तेल." थोड्या वेळाने तिने मागे हात करून माझं मनगट धरलं. लई दुखायचं गं ते, त्यातून तर सुटले मी, असं म्हणाली. तिला मला सोडवायचं होतं, हे मला कळत होतं.

गोळीने थोडा फरक पडला. घसरण पूर्ण थांबली नाही, मंदावली. मी संध्याकाळचे क्लास सोडले. तिच्या उलट्या दिवसांत मी दुपारी तिच्या शेजारी पडायचे आणि ती जागी झाली की सांगायचे, बाहेर अजून ऊन आहे, समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्यात. ती ऐकायची आणि विचारायची, ऊन कोवळं हाय का कडक.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. हृदय थांबलं. मी घरातच होते, बाहेर लख्ख दुपार होती. ती घसरणीच्या कुठल्यातरी टप्प्यावर होती आणि तिचा दिवस किती सरकला ते चार दिवसांपासून मी मोजायचं विसरले होते. तिच्या अंगाची ती कोणती वेळ होती, मला माहीत नाही.

डोळ्याचा धडा मी अजून शिकवते. तिसऱ्या प्रकारच्या पेशी अभ्यासक्रमात नाहीत. मी त्या फळ्यावर काढते आणि मुलं विचारतात, हे परीक्षेला येणार का. नाही येणार, असं मी सांगते.