थोरल्या आजोबांची दोन आडनावं

आमचं आडनाव आमचं नाही, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत शिकवायची आणि रोज कारध्याहून पूल ओलांडून जायची. आमचं घर नदीवर जगणारं. बा वैनगंगेत जाळं टाकायचा, थोडं धान लावायचा. एक दिवस ओसरीत फाटलं जाळं सांधता सांधता तो म्हणाला, "तू रोज भंडाऱ्याले जातेस, तं मिशनच्या चर्चात एकदा विचारून ये ना. माह्या बापाचा थोरला भाऊ तिथं होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यानं सांगितलं. मोठ्या दुकाळात आईबाप मेलेली दोन पोरं मिशनाच्या आश्रमात गेली. तिथं दोघांचाही बाप्तिस्मा झाला. धाकटा, म्हणजे माझा आजा, मिसरूड फुटल्यावर पळून कारध्याला मामाकडे आला. जातीनं त्याला शुद्ध करून घेतलं आणि मामानं स्वतःचं आडनाव दिलं. थोरला तिकडेच राहिला. आजानं मरणाच्या आधी हे एकट्या बाला सांगितलं, आणि बानं ते इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

"मग तूच जा ना," मी म्हटलं.

"मी चर्चात गेलो तं लोक काय म्हणतील? तुही गोष्ट वेगळी. तू मास्तरीण आहेस."

पहिल्यांदा तिथंच मला खटकलं. तरी मी गेले.

चर्चचे पाळक म्हातारे होते, नगरकडचे. त्यांनी जुनी रजिस्टरं टेबलावर काढून दिली. बानं घराण्याचं मूळ आडनाव सांगितलं होतं, ते मी शोधत बसले. बाप्तिस्म्याच्या पानांवर ते कुठेच नव्हतं. पाळक हसले. "दुष्काळातल्या लेकरांना कुठलं आडनाव ठाऊक असणार? लिहिणाऱ्यानं गावाचं नाव मागं लावून दिलं असेल. आडनाव सोडा बाई. आईचं नाव माहीत आहे का?"

ते माहीत होतं. आजानं आईचंच नाव आपल्या लेकीला ठेवलं होतं. त्या नावानं दोघं भाऊ एकाखाली एक सापडले, आडनावाच्या जागी एका गावाचं नाव. पुढे लग्नाच्या रजिस्टरात थोरला पुन्हा भेटला. आईबाप तेच, आडनाव मात्र आमचं मूळचं. मिशनात चिकटवलेलं नाव त्यानं लग्नाच्या दिवशी काढून टाकलं आणि बापाचं लावलं. धर्म बुडवला म्हणून ज्याचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही, त्यानं घराण्याचं नाव राखलं होतं. जातीत परत आलेला आमचा आजा मात्र जन्मभर मामाच्या नावावर जगला.

पाळक म्हणाले, थोरले केव्हाच वारले; त्यांची मुलगी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त होऊन लाखनीला राहते.

रविवारी मी आणि बा एसटीनं लाखनीला गेलो. ट्रक थांबायचे त्या दुकानांच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दार उघडल्यावर तिनं बाच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. नंतर मला म्हणाली, "माय, हा तं थेट माह्या बापासारखा दिसते."

चहा पिता पिता ती बोलली. तिचा बाप एकदा कारध्याला आला होता, धाकट्याला भेटायला. घाटावर जातीची चार माणसं बसली होती. त्यांनी आजाला विचारलं, हा कोण? आजा म्हणाला, मले भाऊ नाही. थोरला तसाच मागं फिरला.

बा रडला. मी त्याला आयुष्यात तेव्हाच रडताना पाहिलं. तिचे हात धरून तो म्हणाला, "तू माही बहीण होय. या पोरीच्या लग्नात आत्या म्हणून ये. तुले याच लागते."

"येईन," ती म्हणाली.

वर्षभरात माझं लग्न जुळलं, आंधळगावला. सासरची माणसं तलावावर मासेमारी करायची, बाजारात त्यांचा चांगला धंदा होता. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. होणारे सासरे घरी येऊन सरळ म्हणाले, "तुमच्यात कोणी किरिस्ताव आहे म्हणतात."

"कोण म्हणते?" बा म्हणाला. "आमच्यात कोणी नाही."

मी आत चहा गाळत होते. पाहुणे गेल्यावर मी भांडले. तो म्हणाला, "तुह्यासाठीच तं बोललो." हे वाक्य मी कधीच माफ केलं नाही. मी त्याला असं काही मागितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी आत्या आली; पत्रिका मीच पाठवली होती. लाखनीहून बस बदलत, हातात साडीची पिशवी घेऊन. मांडवाच्या तोंडाशी बा उभा होता, बाजूला माझे सासरे. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"दवाखान्यातली नर्सबाई," बा म्हणाला. "पोरीच्या ओळखीची."

तिनं ऐकलं. माझ्याजवळ येऊन साडी ओटीत ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नर्सबाईकडून." मी "आत्या" म्हणून हाक मारली, पण तोवर बँड सुरू झाला होता. ती जेवली नाही.

ऐंशी सालानंतर काही वर्षांनी बा काविळीनं गेला. तेरवी आटोपल्यावर मी कोणाला न सांगता लाखनीला गेले. ती खूप थकली होती.

"बसा बाई," ती म्हणाली. मला तिचं आधीचं "माय" आठवलं.

बा गेल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, "दवाखान्यात काहून नाही नेलं?"

"येत नव्हता."

मग खाली पाहत ती म्हणाली, "माह्याबद्दल काही बोलला का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी निघताना दारापर्यंत आली. "आता येत नको जाऊ."

"सासरच्यांचं मला काही वाटत नाही, आत्या."

"त्यायचं नाही म्हणत मी. कोणी येते, बहीण म्हणते, आत्या म्हणते, मंग मले पुन्हा परकी व्हा लागते. आता नाही होत माह्यानं."

ट्रक जाऊ देऊन मी रस्ता ओलांडला आणि भंडाऱ्याच्या बसची वाट पाहत उभी राहिले. मला बाचा राग येत होता. तो मेला म्हणून काही कमी होत नव्हता.